लई लागतंय

आठशे छत्तीस रुग्णांच्या यादीतील नऊ जणांनी डॉक्टर पंचशीला ओव्हाळ यांच्या तीस वर्षांच्या विद्येलाच आव्हान दिले होते. पुण्यातील आपल्या संशोधनसंस्थेत, संगणकाच्या पडद्यासमोर बसून, पंचशीलाबाई त्या नऊ ओळी पुन्हा पुन्हा वाचीत होत्या. आणि त्या ओळी प्रत्येक वेळी तेच सांगत होत्या.

कोडे समजावयास कठीण नव्हते. हे सारे रुग्ण बीड जिल्ह्यातील होते. त्यांना अपस्मार होता, म्हणजे लोकांच्या भाषेत फिट येत होती, आणि त्यावर ते फेनिटॉइन नावाची जुनी, स्वस्त व गुणकारी गोळी घेत होते. गोळी पोटात गेली, की यकृतातील एक विकर, म्हणजे एन्झाइम, तिचे विघटन करते आणि तिचा निचरा होतो. ते विकर कसे घडवावे याची आज्ञा माणसाच्या गुणसूत्रांत लिहिलेली असते. काहींच्या त्या आज्ञेत एकाच जागी एकच अक्षर बदललेले असते. ‘ए’ असावयाचा तेथे ‘सी’ असतो. तीनशे कोटी अक्षरांच्या लेखनात एक अक्षर! परंतु ते आई व बाप अशा दोघांकडूनही बदललेलेच आले, तर विकर इतके मंदावते, की रोजची गोळी अंगात साठत जाते आणि इतरांना तारणारी मात्रा त्या माणसाला विषासारखी होते. यात शंकेला जागा नव्हती. देशोदेशी हे तपासून झाले होते.

यादीतील त्या नऊ जणांत ते अक्षर दोन्हीकडून आलेले होते. गोळीचा जाच सर्वांत अधिक व्हावयाचा तो त्यांना. आणि प्रश्नावलीतील ‘औषध लागू पडते का?’ या प्रश्नापुढे नऊच्या नऊ जणांची नोंद एकच होती: ‘होय, उत्तम.’

“नऊपैकी नऊ, मॅडम!” प्रविण म्हणाला. तो संस्थेतील संख्याशास्त्रज्ञ. पुण्यातच जन्मलेला, पस्तिशीचा, आकड्यांवर निष्ठा असलेला माणूस. “बाकीच्यांत उत्तम म्हणणारे शेकडा चाळीससुद्धा नाहीत. ज्यांना त्रास व्हायला हवा, तेच खूश. हा शोध आहे!”

“किंवा चूक आहे.”

“चूक एकदा होईल, दोनदा होईल. नऊ वेळा सारखीच?”

“प्रविण, वेगवेगळी होते तिला मी हलगर्जीपणा म्हणेन. नऊ वेळा सारखीच झाली असेल, तर तिला कारण आहे. आणि ते कारण आपल्यातच कुठेतरी असेल.”

“तुम्हाला चांगली बातमी सोसतच नाही,” प्रविण हसून म्हणाला.

हे अगदीच खोटे नव्हते. पंचशीलाबाईंचा स्वभाव तंटेखोर होता, आणि तो तंटा त्यांनी सर्वांत जास्त स्वतःच्या निष्कर्षांशी केला होता. त्यांची घडणच दोन शास्त्रांच्या उंबरठ्यावर झाली होती. बीड जिल्ह्यातल्या कडा या लहानशा गावातून निघून त्या डॉक्टर झाल्या आणि पुढील शिक्षणासाठी त्यांनी औषधशास्त्र निवडले, याला एक दुपार कारण झाली. प्रयोगशाळेत गिनीपिगच्या आतड्याचा बोटभर तुकडा कोमट द्रावणात टांगलेला होता. प्राणी उरला नव्हता, तुकडा मात्र जिवंत होता. सरांनी द्रावणात औषधाचा एक थेंब सोडला. तुकडा आखडला, त्याला जोडलेली काडी उचलली गेली आणि काजळी धरलेल्या, सावकाश फिरणाऱ्या कागदावर एक पांढरी, उंच, रेखीव रेघ उमटली. मांसाने लिहिले! वर्गातील इतर मुले वहीत आकृती काढू लागली. पंचशीला मात्र त्या रेघेकडे पाहत उभीच राहिली. अंगावर आलेला तो काटा पुढे तीस वर्षे पुरला.

दुसरा काटा आला तो अडतिसाव्या वर्षी. गुणसूत्रांची अक्षरे संगणकावर वाचता येतात, आणि कोणत्या अक्षरामुळे कोणते औषध कोणाला कसे वागवील हे शोधता येते, असे कळल्यावर त्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर बाकावर बसून संगणकाची भाषा शिकल्या. औषधशास्त्रातील मंडळी त्यांना ‘संगणकवाली’ म्हणू लागली आणि संगणकातील मंडळी ‘उंदीरवाली’. पंचशीलाबाईंनी दोन्ही नावे मुकाट्याने स्वीकारली; कारण रेघ आणि अक्षर या दोन गोष्टी एकाच लेखनातल्या आहेत, अशी त्यांची बालंबाल खात्री होती.

तीच खात्री आता नऊ ओळींशी अडली होती. त्यातली एक ओळ तर स्वस्थ बसू देईना. रुग्ण क्रमांक दोनशे सात. मुलगी, वय चोवीस. ‘औषध लागू पडते का?’ — ‘होय, उत्तम.’ ‘औषध घेऊनही पडते का?’ — ‘होय, वारंवार.’ या दोन उत्तरांचा मेळ एकाच प्रकारे बसत होता: औषध योग्य आहे, पण मात्रा अपुरी आहे. संस्थेचा अहवाल तसाच तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेला, आणि अहवालावर विसंबून त्यांनी मात्रा तीनशे मिलिग्रॅमवरून साडेतीनशे केली, मग चारशे केली. मुलगी अधिकच पडू लागली. येत्या सोमवारी मात्रा पुन्हा वाढावयाची होती.

गोळी अंगात किती साठली आहे हे रक्त तपासून कळते. परंतु ती तपासणी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात ठेवलेली होती. अक्षर खरे असेल, तर सोमवारची वाढ त्या मुलीच्या जिवावर बेतणार होती. प्रश्नावली खरी असेल, तर मात्रा कमी करण्याने बेतणार होती. पंचशीलाबाईंनी नीतिसमितीची लेखी परवानगी घेऊन क्रमांकामागील नाव उघडले. रोहिणी सुग्रीव, शिरूर कासारजवळची एक वस्ती.

“ही मुलाखत मीच घेतली होती,” नाव वाचताच प्रविण म्हणाला. “आजीने हसत हसत सांगितलं होतं, मॅडम. शंका घ्यायला जागाच नाही.”

“मग चल. तुझा शोध तूच दाखव मला.”

शनिवारी पहाटेच निघून ते नगरमार्गे बीड जिल्ह्यात शिरले. कडा आले आणि मागे पडले. गाडी थांबविण्यास वेळ नव्हता. पंचशीलाबाईंचे वडील जालिंदर गुरुजी याच गावातल्या शाळेत शिक्षक होते. गुरुजींचा एक हट्ट होता. घरात कोणी ‘हाय’ म्हटले, की ते जेवणाचा घास खाली ठेवीत आणि ‘आहे’ म्हणेपर्यंत उचलीत नसत. आपल्या मुलीच्या बोलण्यावरून कोणी तिची पायरी ठरवू नये, यासाठी त्यांनी ही शिस्त चालविली होती, आणि ती वाया गेली नाही. पंचशीलाबाईंचे मराठी इतके शुद्ध झाले, की संस्थेची प्रत्येक प्रश्नावली शेवटचा हात फिरविण्यासाठी त्यांच्याकडेच येई. ही प्रश्नावली तर त्यांनी स्वतःच लिहिली होती.

वस्तीवरच्या निम्म्या दारांना कुलपे होती. माणसे ऊसतोडीला गेली होती. रोहिणीचा बाप सुग्रीव मेंढपाळ. बायको छबुबाई मेंढरांमागे रानात होती. सुग्रीव दारातच उभा होता, आणि पाहुण्यांना पाहून त्याच्या कपाळावर आठी चढली.

“आलाव का पुन्हा फारम भराया?” तो प्रविणला म्हणाला. “मागल्या टायमाला भरला, तवापास्नं पोरीचं चालणं गेलं. आता काय बोलणं न्यायचं हाय?”

“दादा, या मोठ्या डॉक्टर आहेत. त्या—”

“मोठ्या आसतील. माजं एकच हाय. सोमवारी डाक्टर गोळी वाढवणार म्हणत्यात. म्या वाढवू बी देणार न्हाई आन खाऊ बी देणार न्हाई. उद्यापास्नं गोळी बंद. इषय संपला.”

ही गोळी एकाएकी थांबविली, तर फिटांमागून फिटा येतात, आणि कधीकधी माणूस त्यातून परत येत नाही. सोमवारी डॉक्टर वाढविणार, रविवारी बाप बंद करणार. एका चोवीस वर्षांच्या मुलीला दोन्ही बाजूंनी दरी होती.

“बंद करू नका,” त्या म्हणाल्या. “वाढवूही नका. मला अर्धा तास द्या.”

“चहाला तर बसा,” आतून म्हातारा, खणखणीत आवाज आला. “दारातनं माणूस परत लावतोस व्हय रे सुग्रीव? आन बाई, तू कुणाची गं?”

“कड्याच्या जालिंदर गुरुजींची.”

“आगं बया! माज्या माहेरचं मास्तर! ये, बस आत.”

ही सुग्रीवची आई, साखराबाई. तिच्याजवळ भिंतीला टेकून रोहिणी बसली होती. अंगाने सडसडीत, नजरेने हुशार, पण बोलताना शब्द किंचित ओढून काढणारी. चहा झाला. पंचशीलाबाईंनी प्रश्नावली काढली आणि पहिला प्रश्न लिहिला होता तसाच, स्वच्छ उच्चारात विचारला:

“रोहिणीला औषध लागू पडते का?”

साखराबाई मोठ्याने हसली. “लागतंय की! लई लागतंय. पैल्या दिसापास्नं लागतंय.”

प्रविणने भुवया उंचावून पंचशीलाबाईंकडे पाहिले. सुग्रीवनेही मान डोलावली. म्हणजे त्यालाही हे मान्य होते. मग जे औषध इतके लागू पडते, ते हा माणूस बंद का करतो आहे?

पुढचा प्रश्न शोधीत त्या कागद चाळू लागल्या. तेवढ्यात साखराबाईने कमरेची चंची सोडली, अडकित्त्याने सुपारी कातरली आणि एक भरदार खांड त्यांच्या हातावर ठेवले. “घे. बोलून तोंड सुकलं आसंल.”

पंचशीलाबाईंनी वीस वर्षांत सुपारी खाल्ली नव्हती. पण माहेरच्या मास्तरांच्या लेकीला नाही म्हणता येईना. त्यांनी खांड तोंडात टाकले, चावले, रस गिळला. आणि क्षणार्धात छातीत आवळून आले. कान तापले, कपाळावर घाम फुटला, समोरची भिंत एका बाजूला कलली. त्यांनी जमिनीवर हात टेकला.

“लागली! लागली गं बाईला!” साखराबाई टाळी वाजवून ओरडली. “सुपारी लागली! रोहिणे, पाणी आन. न्हाई, तू नको उठूस, पडशील. सुग्रीव, गूळ आन बाईला!”

पंचशीलाबाईंनी पाणी घेतले, गुळाचा खडा तोंडात धरला. छाती मोकळी झाली, भिंत जागेवर आली. पण त्या हलल्या नाहीत. त्यांच्या कानांत तो एकच शब्द घुमत होता.

लागली.

सुपारी लागते. ऊन लागते. परक्या गावचे पाणी लागते. नजर लागते, ठेच लागते. रानात साप चावला, तर तो चावला असेही म्हणत नाहीत. पान लागले म्हणतात. ज्या गोष्टीचा देहावर घाव बसतो, ती लागते! हे त्यांना ठाऊक नव्हते काय? लहानपणी आईने कितीदा म्हटले होते, ‘तंबाखूला हात लावू नगंस, लागंल.’ भाषेच्या शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्या कोणी यावर म्हणेल, की लागणे आणि लागू पडणे हे दोन वेगळे प्रयोग आहेत. प्रश्नात एक होता, उत्तरात दुसरा होता, मग दोष ऐकणाऱ्याचा. परंतु हा बचाव पंचशीलाबाईंनी मनातल्या मनातच फेटाळला. प्रश्न ज्याला विचारावयाचा, त्याच्या कानात तो काय होऊन उतरतो, हे लिहिणाऱ्याने पाहावयाचे असते. पुण्याच्या प्रविणला ते दिसणे शक्य नव्हते. ते दिसू शकणारी एकच व्यक्ती संस्थेत होती, आणि प्रश्न तिनेच लिहिला होता.

“आजी,” त्या म्हणाल्या, आणि तीस वर्षांनी त्यांची जीभ आपसूक जुन्या वळणावर गेली. “ही सुपारी मला लागली, तशी गोळी हिला लागती व्हय?”

“मंग कवाची काय सांगतेय मी?” साखराबाई चकित होऊन म्हणाली. “ह्या पोराला बी तेच सांगितलं. त्यो आपला हासला आन म्हणला, वा वा!”

प्रविणचा चेहरा पांढरा पडला. “मी... मला वाटलं...”

“आन तू पडतीस ती फिट येऊन?” पंचशीलाबाईंनी रोहिणीला विचारले.

“फिट न्हाई ती,” रोहिणी सावकाश म्हणाली. “फिट आली तर मला कायबी कळत न्हाई. हे पडताना समदं कळतंय. जमीन सरकती. पाय ठिवायचा एकीकडं, पडतो दुसरीकडं. एकाची दोन मेंढरं दिसत्यात. मागं मेंढी कातरताना तिच्या कानालाच कातर लागली, तवापास्नं ह्या आण्णांनी कातर काढून घितली हातातनं.”

“खरी फिट कधी आली होती?”

“गोळी चालू झाल्यावर? एकदाबी न्हाई.”

एकदाही नाही! औषधाने आपले काम पहिल्याच मात्रेत पुरे केले होते. त्यानंतर जे चालले होते, ते सारे विषप्रयोगासारखेच होते. आणि ते अहवालाच्या शिक्क्यानिशी चालले होते.

पंचशीलाबाई उठून रोहिणीसमोर गुडघे टेकून बसल्या. कित्येक वर्षांत त्यांनी रुग्णाच्या अंगाला हात लावला नव्हता. रुग्ण त्यांच्याकडे अक्षरे होऊनच येत. त्यांनी आपले बोट तिच्या डोळ्यांसमोर धरले. “डोकं हलवू नकोस. नुसत्या डोळ्यांनी बोटाकडं बघ.”

बोट हळूहळू उजवीकडे सरकले. रोहिणीचे डोळे त्यामागून गेले, कोपऱ्याशी पोहोचले, आणि तेथे त्यांना ठरता येईना. बुबुळे घसरत, सावरत, पुन्हा घसरत. बारीक, भरभर, अविरत. बोट डावीकडे नेले, तेथेही तेच. मेंदूत ही गोळी अति झाली, की डोळे असे थरथरतात. ही गोळी प्रथम वापरणाऱ्या डॉक्टरांनीही ते लिहून ठेवले आहे.

पंचशीलाबाईंचे बोट हवेत तसेच राहिले. पुण्याच्या पडद्यावर तीन आठवडे पाहिलेले ते अक्षर, एका ‘ए’च्या जागी आलेला तो ‘सी’, येथे, एका मेंढपाळाच्या घरात, एका मुलीच्या डोळ्यांत हलत होता. कोणा अज्ञात पूर्वजाच्या देहात, किती हजार वर्षांपूर्वी कोण जाणे, एक अक्षर चुकून वेगळे उतरले. ते कोणाला कळले नाही, कोणाला नडले नाही. आईने ते लेकराला दिले, लेकराने आपल्या लेकराला. दुष्काळ आले, स्थलांतरे झाली, राज्ये बदलली, आणि अक्षर मूकपणे पुढे जात राहिले, ज्या गोळीने ते बोलू लागेल ती अद्याप जन्मलीही नव्हती. आज ते बोलत होते. मांस पुन्हा लिहीत होते, आणि या वेळी ते काय लिहिते आहे हे वाचण्याची विद्या त्यांच्यापाशी होती. शास्त्रज्ञाने विस्मयाला बळी पडू नये, असे पंचशीलाबाईंच्या एका गुरूंचे मत होते. त्यांच्याशी त्यांनी तेव्हाही वाद घातला होता. या क्षणी तर वादालाही जागा उरली नव्हती. त्यांना आपल्या मानेवरचे केस उभे राहिल्याचे जाणवत होते, आणि त्याच वेळी लाजही वाटत होती. दोन्ही भावना एकाच छातीत कशा मावतात, हेही त्यांना नवेच होते.

“काय दिसलं?” सुग्रीवने दबक्या आवाजात विचारले.

“गोळी जास्त झाली आहे. फार जास्त. हिच्या अंगात ती साठते. आणि ती वाढवायला सांगणारा कागद माझा होता. चूक माझी आहे.”

सुग्रीव म्हणाला, “म्हंजे एवढं शिकून तुमाला आमची बोली कळंना?”

“कळत होती. विसरले होते.”

“ते आणीक वंगाळ.”

“हो.”

त्यांनी तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर सतीश तरुण आणि कामाने पिचलेले गृहस्थ होते; ऐकता ऐकता त्यांचा आवाज चढला. “मॅडम, तुमच्याच अहवालावर मी दोनदा मात्रा वाढवली! आता म्हणता जास्त झाली?”

“तुम्ही वाढवलीत ते अहवाल पाहता बरोबरच होते. अहवाल चुकला. तिचे डोळे आपण स्वतः पाहा. आणि आज रक्त घेऊन नगरला पाठवू. आकडा आल्यावर मला वाटेल ते बोला.”

डॉक्टर सतीश मोटारसायकलवरून तासाभरात वस्तीवर आले, डोळे पाहिले, आणि लगेच रक्त काढले. रक्त घेऊन प्रविण स्वतः नगरला गेला. रविवारी दुपारी आकडा आला. दहा ते वीसच्या दरम्यान असावयाचा, तो एक्केचाळीस होता.

सर्वांत अवघड काम मात्र याच्यापुढे होते. रोहिणीला काही दिवस रुग्णालयात ठेवून, डोळ्यांदेखत, साठलेली उतरेपर्यंतच गोळी थांबवून, मग निम्म्याहून कमी मात्रेने पुन्हा सुरू करावयाची होती. सारे पुन्हा सुग्रीवच्या घरी जमले, पण तो तयार होईना.

“वाढवा म्हणणारं बी शास्त्रच व्हतं,” तो म्हणाला, “आन कमी करा म्हणणारं बी शास्त्रच. काल एक, आज दुसरं. उद्या तिसरं सांगशाल. म्या माजी पोर कुणाच्या भरवशावर देऊ? त्यापरीस नकोच ती गोळी.”

प्रविणने समजावण्यास तोंड उघडले. पंचशीलाबाईंनी त्याला हातानेच थांबविले. या प्रश्नाला शास्त्राचा आधार दाखविण्याने उत्तर मिळणार नव्हते, कारण माणूस नेमका त्या आधारावरच बोट ठेवीत होता.

“माझ्या भरवशावर देऊ नका,” त्या म्हणाल्या. “इकडं या. हिच्यासमोर बसा. बोट धरा. असं. आता हळूच कडेला न्या.”

सुग्रीवने बोट नेले. पोरीचे डोळे कोपऱ्याशी जाऊन थरथरू लागले, आणि तो दचकून मागे सरला. पोर रोज डोळ्यांसमोर होती, पण हे त्याने पाहिले नव्हते. त्याने पुन्हा बोट नेले. पुन्हा. “आरं तिच्या मारी,” तो पुटपुटला. “चक्कर आलेल्या मेंढराचा डोळा आसाच फिरतो.”

“मग तुम्हाला शिकवायला नको. आता रोज सकाळी तुम्हीच बघायचं. डोळा थिरावला, तर गोळी बरोबर. थरथरला, तर जास्त, मग कुठल्याही डॉक्टरनं काहीही सांगितलेलं असो. त्याला आधी डोळा दाखवायचा. माझ्याही बाबतीत तेच.”

सुग्रीवने डॉक्टर सतीशांकडे पाहिले. “ऐकलं का सायेब? म्या बघणार.”

“बघा. मीही तुमच्याबरोबर बघेन,” डॉक्टर म्हणाले.

रोहिणी त्याच संध्याकाळी रुग्णालयात गेली.

पुढचे तीन दिवस पंचशीलाबाई बीडमधल्या एका खोलीत बसून समितीच्या परवानगीने उरलेल्या आठ जणांना फोन करीत होत्या. या वेळी कागद समोर नव्हता. ‘गोळी लागती म्हंजी कसं हुतंय?’ एवढेच त्या विचारीत, आणि मग ऐकत. सात जणांनी सात परींनी तीच कहाणी सांगितली. कोणाला गावाने दारुड्या ठरविले होते, कोणाला बाहेरची बाधा झाली असे ठरविले होते. आठवे होते आसाराम नावाचे गेवराईकडचे म्हातारे. ते ठणठणीत निघाले.

“तुम्हाला काहीच त्रास नाही, बाबा?”

“पैले लई लागली. मंग म्या दोन वर्सांपास्नं निम्मीच खातो. डाक्टरला सांगू नगा, रागवंल.”

पंचशीलाबाईंनी फोन ठेवला आणि त्या हसल्या. मग हसू थांबले. पोथ्या, यंत्रे, देशोदेशीचे प्रबंध ज्या मात्रेला पोहोचले होते, तेथे हा गृहस्थ अडकित्त्याने गोळी फोडून एकटाच पोहोचला होता. आठही जणांच्या डॉक्टरांना त्यांनी त्याच दिवशी कळविले, आणि प्रबंधाचा मसुदा मागे घेतला.

“आपला शोध गेला, मॅडम,” प्रविण म्हणाला.

“गेला.”

“वाईट वाटतंय?”

“आठशे छत्तीस जणांना पुन्हा विचारावं लागेल, याचं वाटतंय. उद्यापासून लाग.”

बाराव्या दिवशी त्या पुन्हा वस्तीवर गेल्या. रक्तातला आकडा एकोणिसावर आला होता. मात्रा चारशेवरून दीडशेवर, म्हणजे चार गोळ्यांवरून दीड गोळीवर. फिट आली नव्हती. रानातून छबुबाईही परतली होती, आणि पदर तोंडाला लावून दाराशी बसली होती. रोहिणीने एकच मागणे केले: ते अक्षर दाखवा.

पंचशीलाबाईंनी संगणक मांडीवर घेतला. पडद्यावर अक्षरांच्या ओळी पसरल्या. ए, टी, जी, सी, पुन्हा ए, पुन्हा टी. रोहिणीला इंग्रजी अक्षरे वाचता येत होती. तिने बोट ठेवीत ठेवीत ओळ पार केली आणि पंचशीलाबाईंनी सांगितलेल्या जागी ती थांबली. “हे? एवढंसं?” साखराबाई पडद्याच्या इतकी जवळ सरकली, की तिचा श्वास काचेवर उमटला. बाहेर मेंढरांच्या गळ्यातील घुंगूर तेवढा वाजत होता.

“ह्यानंच फिट येती व्हय?” साखराबाईने विचारले.

“नाही, आजी. फिट वेगळी. ह्यानं फक्त गोळी लागते.”

“आन हे आलं कुठनं?” साखराबाईची नजर नकळत सुनेकडे वळली. “हिच्या माहेरात तसलं काय काय हाय, मी कवाची म्हणतेय.”

“दोघांकडून आलं. एक बापाचं, एक आईचं. एकट्याचं असतं, तर एवढं नडलं नसतं.”

छबुबाईने तोंडावरचा पदर काढला. “म्हंजे निम्मं तुमचं,” ती सासूला शांतपणे म्हणाली, आणि सुग्रीवला हसू आवरेना.

गोळीची वेळ झाली होती. सुग्रीव रोहिणीसमोर बसला. त्याने बोट धरले, उजवीकडे नेले. डोळे कोपऱ्याशी गेले आणि उभे राहिले. डावीकडे नेले, तेथेही उभे राहिले. त्याने खात्रीसाठी पुन्हा एकदा नेले, मग घाईने चौथ्यांदा.

“आण्णा, पुरं की आता,” रोहिणी म्हणाली. “बघून बघून डोळं दुखायलेत.”

“गप. बघू दे,” तो म्हणाला, आणि बोट न हलविता कितीतरी वेळ तिच्या स्थिर डोळ्यांत पाहत राहिला. मग त्याने डबीतून दीड गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली.